यंत्रातला वाइनचा घोट बाटलीबद्दल खरं सांगतो का?

मृद्गंधा

वाइनच्या दुकानांत आणि बारमध्ये स्वतःच घोट भरून घ्यायचं यंत्र असतं, ते मी गेल्या काही महिन्यांत बरंच वापरलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. काचेचं बुटकं कपाट, आत आठ बाटल्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या तोंडात नळी आणि वर स्टीलची तोटी. काउंटरवर वय बघून कार्ड देतात. त्यात पैसे भरायचे, कार्ड खाचेत सरकवायचं, ग्लास तोटीखाली धरायचा आणि बटण दाबायचं. बहुतेक ठिकाणी तीन मापं असतात: चवीपुरता घोट, अर्धा ग्लास, पूर्ण ग्लास. घोट साधारण २५ मिलीचा.

आता माझी अडचण. दोनदा असं झालं की घोट घेतल्यावर एकदम 'हीच!' असं वाटलं, बाटली घरी आणली आणि दुसऱ्या ग्लासापर्यंत कंटाळा आला. गोडसर, जड, लाकडाचा वास नाकात बसलेला. तिसऱ्यांदा उलटं झालं. यंत्रातून चाखून नाक मुरडलेली एक लाल वाइन महिन्याभराने मैत्रिणीकडे प्यायले आणि ती इतकी सुरेख लागली की नाव पुन्हा पुन्हा वाचलं. तीच वाइन, तेच साल.

म्हणून विचारते, घोट फसवतो की यंत्र? की माझंच काही चुकतंय? यंत्र मला मनापासून आवडतं, ते सोडायचं नाहीये. ते नीट वापरायचं कसं ते शिकायचंय.

खटपट्या

मलाही यंत्र आवडतं. जी अख्खी बाटली घेणं कधी जमणार नाही, तिचा घोट तरी मिळतो. पहिली जुनी बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन, मी अशीच चाखली. २५ मिली म्हणजे बाटलीचा तिसावा भाग. अर्धा तास पुरवला मी तो.

नाक्यावरचा

म्हणजे एटीएमच की! फक्त पैसे आत जातात आणि शुद्ध बाहेर जाते. 😄

अर्धापेला

मृद्गंधाताई, मी सहा वर्षं वाइन बारमध्ये काम केलं आणि त्यातली चार वर्षं ही यंत्रं लावणं, धुणं, बाटल्या बदलणं माझ्याकडे होतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कल्पना साधी आहे. बूच काढून बाटली यंत्रात लावली की नळी थेट तळापर्यंत जाते आणि तोंड रबरी सीलने बंद होतं. बटण दाबलं की सिलिंडरमधला आरगॉन किंवा नायट्रोजन बाटलीत शिरतो, वाइनवर दाब देतो आणि वाइन नळीतून वर चढून तोटीतून पडते. जेवढी वाइन बाहेर गेली तेवढी जागा वायूने भरते, हवा आत येत नाही. नायट्रोजनवर चालणारी यंत्रं अमेरिकेतल्या बारमध्ये १९८० च्या दशकातही होती. पण कार्ड घालून गिऱ्हाइकाने स्वतः घ्यायची पद्धत रुळली ती नंतर. इटलीत तोस्कानामधल्या कियांती भागात २००२ साली एनोमॅटिक ही कंपनी सुरू झाली, तिच्या यंत्रांमुळे ही पद्धत बरीच पसरली.

आता जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते. पहिली गोष्ट तोटी. शेवटच्या गिऱ्हाइकानंतर नळीच्या टोकाशी थोडी वाइन राहते आणि तिला हवा लागते. रात्रभर कुणी बटण दाबलं नाही की सकाळचा पहिला घोट त्या शिळ्या थेंबांसकट पडतो. १२५ मिलीत ते कळत नाही, २५ मिलीत नक्की कळतं. आम्ही दार उघडायच्या आधी प्रत्येक तोटीतून थोडी वाइन ओतून टाकायचो. सगळीकडे टाकत नाहीत, कारण ती वाइन कुणाच्याच कार्डावर पडत नाही.

दुसरी गोष्ट गाळ. नळी तळाला टेकते आणि जुन्या लाल वाइनचा गाळही तळालाच असतो. अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून, वरची स्वच्छ वाइन दुसऱ्या बाटलीत हळूच काढून मग लावायची असते. घाई केली की पहिल्याच गिऱ्हाइकाच्या ग्लासात कडू चोथा.

तिसरी गोष्ट माप. आमच्या यंत्रात झडप किती वेळ उघडी राहते त्यावर माप ठरायचं. वायूचा दाब जरा हलला की माप हललं. दर आठवड्याला मोजपात्र घेऊन बसायचो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तारीख. बाटली कधी लावली ते विचारा. हा प्रश्न विचारणारी माणसं चार वर्षांत मला दहासुद्धा भेटली नसतील.

शंकासुर

किती दिवसांपर्यंत ठीक समजायचं? जाहिरातीत तीन आठवडे म्हणतात.

अर्धापेला

@शंकासुर, दणकट तरुण लाल वाइन तीन आठवडे धरते, हे मी स्वतः चाखून सांगतो. नाजूक सुवासाची पांढरी मी दहा दिवसांच्या पुढे ठेवत नसे. ती आंबट होते म्हणून नव्हे. ती मुकी होते.

रेणुबंध

'मुकी होते' हा शब्द आवडला. त्यामागचं कारण लिहितो, कारण इथे एक गैरसमज हमखास असतो.

लोक म्हणतात, आरगॉन हवेपेक्षा जड, तो वाइनवर पांघरुणासारखा पसरतो. जड आहे हे खरं, हवेच्या जवळपास १.४ पट. पण वायू एकमेकांत मिसळतात. उघड्या तोंडाच्या बाटलीत ते पांघरूण फार काळ टिकत नाही. यंत्रात वाइन टिकते ती तोंड घट्ट बंद असल्यामुळे आणि वाइनची जागा वायूनेच भरल्यामुळे. ऑक्सिजन नाही, तर अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड (शिळेपणाचा वास देणारं द्रव्य) होत नाही आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचंही काही चालत नाही. म्हणून नायट्रोजनसुद्धा हे काम करतो, जरी तो हवेपेक्षा किंचित हलका असला.

पण वायू बाहेरच्याला आत येऊ देत नाही एवढंच. आतल्याला तो अडवू शकत नाही. वाइनचा सुवास म्हणजे उडून जाणारी द्रव्यं. बाटली भरलेली असते तेव्हा वर बोटभर जागा असते. तीन चतुर्थांश रिकामी झाली की वर मोठी पोकळी तयार होते आणि सुवास उरलेल्या वाइनमधून निघून त्या पोकळीत जाऊन बसतो. तरुण पांढऱ्या वाइनमध्ये विरघळलेला थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, ज्याने जिभेला हलकी चुणचुण लागते. तोही असाच जातो. वाइन बिघडलेली नसते, पण तिच्यातलं बोलणं गेलेलं असतं. म्हणून तारखेइतकंच बाटलीत किती उरलंय तेही बघा. काचेतून दिसतंच.

मृद्गंधा

@अर्धापेला, @रेणुबंध, किती आभार मानू! बाटलीची पातळी बघायची हे कधी सुचलंच नव्हतं. मी तर उलट समजत होते की जी जास्त संपलीय ती लोकांना जास्त आवडलेली असणार.

तळघर

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. यंत्राने दुकानातला माणूस बाजूला केला, हे मोठं नुकसान. मी वाइन शिकलो ती एका वयस्कर विक्रेत्याकडून. बाटली उघडली की तो आधी स्वतः हुंगायचा, मग थोडी ओतायचा आणि मी काही बोलायच्या आत विचारायचा, 'कशाची आठवण आली?' एकदा मी 'ओल्या पायपुसण्याची' म्हणालो. त्याने बाटली उचलली आणि म्हणाला, 'बरोबर. बूच खराब आहे. दुसरी उघडतो.' यंत्र हे सांगेल?

सईसखी

@तळघर, तुम्हाला चांगला माणूस भेटला. मला काय भेटलं ते सांगते. एका दुकानात मी विचारलं की कोरडी आणि हलकी लाल कोणती, तर विक्रेता माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर देत होता. दुसऱ्या ठिकाणी मी 'रीस्लिंग' हे पांढऱ्या वाइनचं नाव चुकीचं उच्चारलं तर समोरचा हसला. दोन वर्षं मी दुकानात जाऊन पहिली दिसेल ती बाटली उचलून बाहेर पडायची. यंत्र आलं आणि पहिल्यांदा कुणाला काही न विचारता, माझ्या वेळेने, सहा वाइन एकामागून एक चाखल्या. त्या दिवशी मला कळलं की मला पिनो न्वार ही हलकी लाल वाइन आवडते, इतकी वर्षं पीत होते ती जड शिराझ नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः शोधलं. त्याची किंमत माझ्यासाठी फार आहे.

तळघर

सईसखी, वाचून वाईट वाटलं. अशा माणसांपेक्षा यंत्र बरं, मान्य. तरी बुचाचा मुद्दा सोडत नाही.

अर्धापेला

आणि तो सोडूही नका. बुचातून येणारा तो ओल्या पुठ्ठ्याचा वास टीसीए नावाच्या द्रव्याचा. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी कित्येकांना जाणवतो. त्याहून कमी असला तर वास येत नाही, पण फळाचा सुवास दबतो आणि वाइन नुसती निरस लागते. टेबलावर बाटली उघडली तर कुणीतरी तक्रार करतो. यंत्रात अशी एक बाटली लागली की तीस जण चाखतात आणि तीसही जण मनात म्हणतात, ही वाइन काही खास नाही. ज्याने ती बनवली त्याच्यावर केवढा अन्याय! म्हणून नियम एकच, यंत्रात लावायची प्रत्येक बाटली लावणाऱ्याने आधी चाखली पाहिजे. आमच्याकडे नवी मुलं हे विसरली की मी रागावायचो.

मृद्गंधाताई, तुमच्या मैत्रिणीकडे सुरेख लागलेली वाइन यंत्रातून का आवडली नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

केशरकाडी

दुसरं कारण मी सांगते. वाइन चाखण्याचा अभ्यासक्रम केलाय, त्यामुळे हे घोकून झालंय. 😊

तरुण, तुरट लाल वाइन बाटलीतून निघाल्या निघाल्या बंद असते. हवेत अर्धा तास राहिली की खुलते. यंत्राचं कामच हवा लागू न देणं. म्हणजे बाटली लावून आठवडा झाला तरी तुमच्या ग्लासात पडणारी वाइन बूच नुकतंच काढल्यासारखी असते. मैत्रिणीने बाटली उघडून ठेवली असेल, गप्पा चालल्या असतील, तोवर ती खुलली.

त्यात तापमान. लाल वाइन १६ ते १८ अंशांवर बरी. कपाट जास्त थंड असेल तर तुरटपणा टोचतो. उलट कप्पा गरम असेल तर अल्कोहोल नाकाला झोंबतं. मी ग्लास दोन्ही तळहातांत धरून पाच मिनिटं थांबते आणि मगच मत बनवते.

खटपट्या

२५ मिली पाच मिनिटं धरून ठेवायला संयम लागतो हो!

केशरकाडी

लागतो. 😊 आणि २५ मिली मुळात कमीच आहे. चाखण्याच्या ग्लासाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३५९१, १९७७ चं. तो ग्लास २१५ मिलीचा आणि त्यात ५० मिली ओतायची पद्धत. मोठ्या फुगीर ग्लासात २५ मिली म्हणजे तळ ओला झाल्यासारखं. लहान, तोंडाशी निमुळता ग्लास मागून घ्या.

निळीशाई

कुणीच मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे आलेलं नाही. यंत्रात आवडलेली वाइन घरी का कंटाळवाणी होते?

यंत्र चांगलं असो की वाईट, बाटली ताजी असो की शिळी, हे होणारच, कारण घोट आणि ग्लास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेजारी शेजारी सहा घोट घेतले की जीभ तुलना करते. तुलनेत मोठ्याने बोलणारा जिंकतो. थोडी साखर, जास्त अल्कोहोल, नव्या ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास, हे सगळं पहिल्या सेकंदात कळतं. आंबटपणाचा तोल, घोट गिळल्यावर रेंगाळणारी चव, दुसऱ्या ग्लासालाही तोंड ताजं ठेवणं, हे गुण घोटात दिसतच नाहीत. ते दिसायला वेळ आणि माप दोन्ही लागतं. बाटली तर आपण तुलना करायला घेत नाही, संध्याकाळ घालवायला घेतो.

मी असं करतो. घोट फक्त नाकारण्यासाठी वापरतो. सहातल्या चार बाद केल्या की उरलेल्या दोनपैकी जी कमी ओरडते तिचा अर्धा ग्लास घेतो, कोपऱ्यात बसतो आणि वीस मिनिटं तीच पितो. शेवटचा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला तर बाटली घेतो.

रेणुबंध

@निळीशाई, 'घोट फक्त नाकारण्यासाठी' याला +१. पण केशरकाडींचं ऐकलं तर बंद असलेली चांगली वाइनही याच चाळणीत बाद होईल. मृद्गंधाताईंची झालीच ना?

निळीशाई

हो, हा दोष आहे खरा. तुरट वाटली म्हणून बाद करत नाही, एवढी सवय लावून घेतलीय. फळाचा वास अजिबातच नसेल तर करतो.

विदाविहारी

थोडं अवांतर. यंत्राचा आम्हाला झालेला सर्वांत मोठा उपयोग म्हणजे नावं झाकून चाखणं. आम्ही तिघं जातो, एक जण घोट भरून आणतो, बाकीच्यांना बाटली दिसत नाही.

हे करून बघाच, कारण डोळे आणि पैसे जिभेवर फार परिणाम करतात. २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दोचा प्रयोग आहे. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली, तर त्यांनी वर्णनात लाल वाइनचे शब्द वापरले. २००८ च्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन दोन किमती सांगून दिली. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी जोडलेल्या भागात जास्त हालचाल दिसली. म्हणजे लोक उगाच बढाई मारत नव्हते, त्यांना खरंच जास्त आवडली होती.

यंत्रावर प्रत्येक बाटलीखाली घोटाची किंमत चमकत असते. ती वाचल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही.

नाक्यावरचा

हा मुद्दा भारी आहे. पुढच्या वेळी बायकोला घोट भरायला सांगतो.

सईसखी

आणि तिचे कोण भरणार? 😄

नाक्यावरचा

मी भरेन की! आळीपाळीने.

पैपै

कार्डात उरलेल्या पैशांबद्दल कुणी बोलेना. एका बारमध्ये कार्डात एका घोटाला पुरणार नाहीत एवढे पैसे उरले. परत मिळत नाहीत म्हणाले, 'पुन्हा भरा आणि वापरा.' तीन महिन्यांनी गेले तर कार्डच बंद. रक्कम छोटी होती, पण अशी किती कार्डं पडून असतील? शिल्लक परत मिळते का, कार्ड किती दिवस चालतं, हे पैसे भरायच्या आधी विचारा. जिथे शेवटी हिशेब करतात, आधी भरायला लावत नाहीत, तिथेच मी आता जाते.

चाकोरीबाहेर

व्हीलचेअरवरून सांगतो. बऱ्याच ठिकाणी यंत्र काउंटरवर ठेवलेलं असतं आणि तोटी माझ्या डोळ्यांच्या वर येते. ग्लास कुठे धरायचा ते दिसत नाही, अर्धी वाइन मनगटावर. एका दुकानाने एक यंत्र खालच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा पहिल्यांदा मी कुणाची मदत न घेता चाखली. मालकांनी वाचलं तर जरूर विचार करावा, एवढंच सांगायचं होतं.

अर्धापेला

@चाकोरीबाहेर, चार वर्षांत हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. जुन्या मालकाला आजच लिहितो.

दक्षता

एक गोष्ट कळकळीने सांगते. छोटे घोट मोजले जात नाहीत. १२ घोट म्हणजे ३०० मिली, बाटलीचा ४० टक्के भाग. १३ टक्क्यांची वाइन धरली तर सुमारे ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 'मी तर फक्त चाखलं' म्हणत लोक गाडीची किल्ली काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाखणं आणि गिळणं वेगळं आहे. थुंकायचं भांडं मागा, त्यात लाज नाही. व्यावसायिक चाखणारे सगळे थुंकतात. आणि गाडी चालवायची असेल तर थुंकूनसुद्धा चाखू नका, थोडं अल्कोहोल तोंडातून शरीरात जातंच.

केशरकाडी

दक्षता यांच्याशी पूर्ण सहमत. सहाव्या घोटानंतर तसंही जिभेला काही कळत नाही.

शंकासुर

यंत्रात फसफसणारी वाइन का नसते?

रेणुबंध

शॅम्पेनच्या बाटलीत हवेच्या पाच-सहा पट दाब असतो. साध्या यंत्रातला वायूचा दाब त्याच्यापुढे काहीच नाही, त्यामुळे बुडबुडे निघून जातात. तिच्यासाठी कार्बन डायऑक्साइडवर चालणारी वेगळी यंत्रं असतात.

तळघर

घरी सुई वापरणारे कुणी आहेत का? कोराविन नावाचं सुईचं छोटं यंत्र २०१३ साली बाजारात आलं, तेव्हापासून माझ्याकडे आहे. बूच न काढता सुई आत जाते, आरगॉन भरतो, वाइन बाहेर येते आणि सुई काढली की बूच पुन्हा मिटतं. बूच नैसर्गिकच हवं, कृत्रिम बूच तसं मिटत नाही. माणूस पाहिजे म्हणणारा मी, आणि यंत्र माझ्याच घरात!

मृद्गंधा

मंडळी, काल सकाळी गेले होते, मुद्दाम गर्दी नसताना. सगळं लिहिते.

आधी बाटल्यांची पातळी बघितली. मी नाक मुरडलेली ती लाल वाइन तिथेच होती, तळाला चार बोटं उरलेली. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, कधी लावली? त्याने यंत्राच्या बाजूची पाटी उघडून बघितलं, १९ दिवस झाले होते. तो स्वतःच म्हणाला, थांबा, नवी उघडतो. बूच काढून हुंगलं, चाखलं (अर्धापेला, तुमची आठवण आली!) आणि मला दोन्ही शेजारी शेजारी दिल्या. जुनी आंबट नव्हती, खराब नव्हती, पण नाक ग्लासात घातलं तर काहीच येईना. नवीतही पहिल्या पाच मिनिटांत फारसं नव्हतं, तुरट होती. पण काहीतरी आत दडलंय हे कळत होतं.

मग निळीशाईंचं ऐकून तिचा पूर्ण ग्लास घेतला आणि खिडकीशी बसले. पंधरा मिनिटांनी चेरीचा वास आला. अर्ध्या तासाने पावसाआधीच्या मातीसारखं काहीतरी. शेवटचा घोट संपवावासा वाटेना. मैत्रिणीकडची तीच चव.

पहिल्या घोटात 'हीच' वाटलेली ती गोडसर वाइनही पुन्हा चाखली, त्या मुलाकडून नाव झाकून. पहिला घोट अजूनही आवडला! अर्धा ग्लास मात्र संपला नाही. परत येताना रिक्षाने आले, हे दक्षता यांच्यासाठी.

निळीशाई

वा! बाटली घेतलीत ना?

मृद्गंधा

दोन घेतल्या. एक मैत्रिणीसाठी.

अर्धापेला

फार बरं वाटलं वाचून. त्या मुलाने जुनी बाटली काढली का हो?

मृद्गंधा

काढली. माझ्यासमोर नळी आणि तोटी गरम पाण्याने धुतली, नवी लावली आणि मार्करने काचेवर तारीख लिहिली. उरलेल्या सातही बाटल्यांवर लिहीत होता, मी निघाले तेव्हा.